दुसऱ्या गठ्ठ्यातली मुलगी

मी सहा-सात वर्षांची होईपर्यंत विद्यापीठ हा एक माणूस आहे अशी माझी समजूत होती. बाबा पुलगावच्या कॉलेजात क्लार्क होते आणि आम्ही शेजारच्या नाचणगावात राहायचो. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून ते घरात आले, की आईशी बोलणं सुरू व्हायचं. "विद्यापीठानं पुन्हा यादी मागतली." "विद्यापीठ यंदा ऐकूनच नाई राह्यलं." "उद्या विद्यापीठात जा लागते, डबा लवकर कर." नागपूरला राहणारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा आणि कशानंच समाधान न होणारा एक गृहस्थ माझ्या डोळ्यांपुढे उभा राहायचा. एकदा मी आईला विचारलं, विद्यापीठाला बायको आहे का. आई पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "असती तर तुझ्या बाबाले एवढ्या चकरा माराव्या लागल्या नसत्या."

पुढे मी त्याच विद्यापीठाच्या दोन पदव्या घेतल्या, आणि आज वर्ध्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. म्हणजे जेवढे तास शिकवीन तेवढ्यांचं मानधन आणि दरवर्षी नव्यानं मुलाखत. गेली कित्येक वर्षं मुलाखतीला तेच सर समोर असतात आणि शिकवण्याचा अनुभव किती, असं विचारतात. मीही दरवर्षी एक वर्ष वाढवून सांगते. राग येतो, नाही असं नाही. पण या सगळ्या पसाऱ्याविषयी मला मनापासून माया आहे, आणि ती बाबांमुळे आहे.

नाचणगावातून विद्यापीठ दिसत नाही. तिकडून येतात ते कागद. आमच्या गावात पदवी घेऊन नोकरीला लागलेली, निवृत्तही झालेली कितीतरी माणसं आहेत ज्यांनी विद्यापीठाची इमारत आयुष्यात पाहिली नाही. पुलगाव, देवळी, आर्वी, हिंगणघाट, जिथे शिकले तिथेच परीक्षा दिली आणि तिथल्याच खिडकीतून गुणपत्रिका घेतली. तरी विचाराल तर सांगतील, आम्ही नागपूरचे ग्रॅज्युएट. आमच्या वस्तीत तर कोणाच्या घरी पहिली पदवी आली, की ती आधी विहारात नेऊन ठेवायचे, वंदना व्हायची आणि मग ती भिंतीवर जायची. त्या कागदावरची कुलगुरूंची सही सगळे निरखून पाहायचे. वाचता कोणालाच यायची नाही.

बाबांच्या हिशोबानं विद्यापीठाला ऋतू दोनच, उन्हाळी आणि हिवाळी. उन्हाळी परीक्षा कधीकधी पावसाळ्यात व्हायची, पण कागदावर ती उन्हाळीच. आणि हद्द म्हणजे आमची वर्धा नदी. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, आणि तिथे विद्यापीठ वेगळं. एके काळी सारा विदर्भ एकत्र नांदत होता, मग अमरावतीकडचं निराळं झालं, पुढे चंद्रपूर-गडचिरोलीचं. बाबा हे भावाभावांच्या वाटणीसारखं सांगायचे. "थोरला नागपुरात राह्यला, मधला अमरावतीले गेला, धाकट्यानं जंगलाकडचं घेतलं." पलीकडून बी.ए. करून आलेल्या मुलाला आमच्या कॉलेजात एम.ए. करायचं असलं, की मायग्रेशनचा दाखला लागायचा. बाबा त्याला समजावून सांगायचे, "तू नदीत पोहून इकडे आला असता तर तुले कोणी विचारलं नसतं. शिकाले आला म्हणून विचारून राह्यलो."

रविवारी आमच्या ओसरीवर मुलं बसलेली असायची. कोणाचं नाव गुणपत्रिकेवर चुकलेलं, कोणाचा निकाल राखून ठेवलेला, कोणी एका विषयात राहिलेला आणि पुढच्या वर्गात बसता येतं का म्हणून विचारायला आलेला. बाबा त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. तोही एकदा लिहून भागायचं नाही. अर्ज कसा असावा याबद्दल त्यांचा एकच नियम होता. अर्ज वाचणाऱ्याला खुर्चीतून उठावं लागता कामा नये. त्याला जे जे लागेल ते अर्जात आणि अर्जाच्या पाठीमागे, क्रमानं. मुलं कंटाळायची. मी तर फारच कंटाळायचे, कारण ओसरीवर मुलं असली की मला बाहेर खेळता यायचं नाही. कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाजही वाटायला लागली. इतर मुलींचे वडील मोठमोठ्या गोष्टी बोलायचे, माझे वडील जोडपत्रांविषयी बोलायचे.

ते निवृत्त झाले आणि ओसरी हळूहळू रिकामी झाली. अर्ज ऑनलाइन झाले, निकाल मोबाईलवर आले. आई म्हणायची, "आता घरातले सगळे डबे पुसून झाले, त्यांच्यावर नावं लिहून झाली. यांच्यासाठी काई काम पाह्य बाई."

ते काम मागच्या उन्हाळ्यात आलं.

हिंगणीची एक मुलगी आमच्या कॉलेजात बी.ए.ला होती. हिंगणी हे सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. तिचे वडील जंगलसफारीची जिप्सी चालवतात आणि आई शाळेत खिचडी शिजवते. मुलगी अबोल, पण तास कधी चुकवायची नाही. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तिचा निकाल राखून ठेवलेला निघाला. कारण दुसऱ्या वर्षाच्या पर्यावरणाच्या पेपरला गैरहजर. हा पेपर सगळ्यांना सक्तीचा असतो, त्याचे गुण टक्केवारीत धरत नाहीत, म्हणून मुलं तो विसरतात आणि शेवटी त्याच्यापाशीच अडकतात. आमच्या कॉलेजच्या बाबूंनी तिला सरळ सांगितलं, हिवाळीत पेपर दे. पण तिचा बी.एड.ला नंबर लागला होता, आणि पदवीची गुणपत्रिका दाखवायला तिच्याकडे दहा दिवस होते.

ती माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळे कागद, हॉलतिकीट लॅमिनेशन केलेलं.

"मी गैरहजर नव्हती मॅडम," ती म्हणाली. "पेपर दिला मी."

"मग तसं दिसत का नाही?"

तिनं मोबाईल पुढे केला. विद्यापीठाच्या वेबसाइटवर तिनं तीनदा तक्रार टाकली होती. तिन्ही वेळा तक्रार क्रमांक मिळाला होता आणि तिन्ही ठिकाणी एकच शब्द होता, प्रक्रियेत.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन नाचणगावला गेले.

बाबांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, हॉलतिकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"गैरहजर म्हणजे काय ते आधी समजून घे बेटा," ते म्हणाले. "हजेरीच्या कागदावर तुझी सही दिसली नाई, एवढंच. तू खोटं बोलते असं कोणी म्हणून नाई राह्यलं. आता त्या दिवशीचं सांग. सकाळपासून सांग. चहा पेला का नाई तेई सांग."

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी ती हिंगणीहून सकाळच्या एसटीनं निघाली. सेलूच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, गाडी पुढे जात नाही, पवनारच्या पुलावर ट्रक आडवा झाला आहे. सेलू ते वर्धा रस्ता बंद. पेपरला पाऊण तास उरला होता. ती स्टँडवर रडत उभी असताना एका बाईनं तिला सांगितलं की सेलूच्या कॉलेजातही परीक्षा चालू आहे. ही पळत तिकडे गेली. तिथल्या केंद्राच्या मॅडमनी कोणाला तरी फोन केला, तिच्याकडून एक अर्ज लिहून घेतला आणि तिला शेवटच्या खोलीत बसवलं.

"सही कुठे केली?" बाबांनी विचारलं.

"वेगळ्या कागदावर. कोरा कागद होता. मॅडमनं पट्टीनं रेघा मारून देल्या."

बाबांनी हॉलतिकीट खाली ठेवलं. "हे तू कोणाले सांगतलं काऊन नाई आतापर्यंत?"

मुलगी खाली पाहत म्हणाली, "मले वाटलं, दुसऱ्या केंद्रावर बसली म्हणून सांगतलं तर पेपरच रद्द करतीन."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. पेपर दिला एवढंच तिनं मला दोनदा सांगितलं होतं, आमच्या बाबूंनाही सांगितलं होतं. तो दिवस कसा गेला हे मात्र आम्ही कोणीच तिला विचारलं नव्हतं.

"रद्द नाई करत," बाबा म्हणाले. "रस्ता बंद असला, पूर आला, तर जवळच्या केंद्रावर बसवाची सोय आहे. मग त्या पोराचा पेपर त्या केंद्राच्या गठ्ठ्यात जाते, आणि सोबत एक पत्र जाते. पत्र गठ्ठ्यापासून सुटलं की पोरगं सुटलं. तू हरवली नाई बेटा. तू दुसऱ्या गठ्ठ्यात आहे."

आई आतून म्हणाली, "चहा ठेवते." पण तिच्या आवाजावरून मला कळलं, तिनं बाबांचा चेहरा पाहिला होता. कित्येक महिन्यांत ते असे ताठ बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सेलूला गेलो. केंद्राच्या मॅडम तिथेच होत्या. त्यांनी मुलीला लगेच ओळखलं. "अगं, तू घामाघूम होऊन आली होतीस ती ना?" निकाल अडकल्याचं ऐकून त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्यांनी पत्र पाठवलं होतं, त्यांच्याकडून काही राहिलं नव्हतं. कपाट उघडून त्या जमिनीवरच बसल्या आणि फायली काढायला लागल्या. अर्ध्या तासानं पत्राची प्रत सापडली, मुलीचा अर्ज सापडला आणि पट्टीनं रेघा मारलेल्या कागदाची झेरॉक्सही. त्यावर तिची सही होती, निळ्या शाईत केलेली, झेरॉक्समध्ये काळी झालेली.

"मॅडम, तुम्ही प्रत ठेवली," बाबा म्हणाले, "आमचं अर्धं काम तुम्हीच करून ठेवलं."

तिथल्याच टेबलावर बसून त्यांनी अर्ज लिहायला घेतला. कागदाला डाव्या बाजूनं घडी घालून समास पाडला. विषय, संदर्भ, आणि मग लहान लहान वाक्यांत घडलेलं सगळं. ऑनलाइन तक्रारींचे तिन्ही क्रमांक त्यांनी संदर्भात लिहिले. मला ते क्रमांक निरर्थक वाटत होते. ते म्हणाले, "निरर्थक असू दे. त्यानं दिला आहे ना नंबर? मग त्याले तो परत दाखवा लागते." शेवटी जोडपत्रांची यादी; त्यातलं आमच्या कॉलेजचं पत्र मी येतानाच आणलं होतं. एका ठिकाणी अक्षर खोडावं लागलं, तर त्यांनी सगळा अर्ज पुन्हा लिहिला. मुलीनं सही केली. तिला त्यांनी अर्ज दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. "तुझा अर्ज आहे. त्यात काय लिहिलं ते तुले पाठ पाह्यजे."

नागपूरला जायच्या दिवशी बाबांनी पांढरा शर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं, खिशाला दोन पेन लावले. ते पुलगावहून गाडीत बसले, मी वर्ध्याला चढले. गाडीत ते मोकळेपणानं बोलत होते. परीक्षा विभागात त्यांचा एक माणूस होता, वीस वर्षांची ओळख. "त्याले नुसता आवाज देला की काम होते. पहाजो तू."

मुलगी सेलूहून बसनं आली होती आणि नागपुरात बर्डीच्या थांब्यावर आमच्या तासभर आधीपासून उभी होती.

विद्यापीठाची जुनी इमारत कमानींची, उंच, तिच्यासमोर उभं राहिलं की आपोआप आवाज खाली येतो. पण परीक्षेचं कामकाज तिथून केव्हाच दुसरीकडे गेलं होतं, हे बाबांना माहीत नव्हतं. ते सवयीनं आत शिरले, जिना चढले, आणि वरच्या दाराला कुलूप पाहून खाली परतले. मग आम्ही विचारत विचारत नव्या इमारतीत गेलो. दारावर सुरक्षारक्षकानं वही पुढे केली.

"कोणाला भेटायचं?"

बाबांनी त्यांच्या माणसाचं नाव सांगितलं.

रक्षकानं आत जाऊन विचारलं. परत येऊन म्हणाला, "काका, ते रिटायर झाले. वारलेही म्हणतात, दोन वर्षं झाली."

बाबांनी आणखी दोन नावं सांगितली. त्यातले एक निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेलेले, दुसऱ्यांना तिथे कोणीच ओळखत नव्हतं. आत संगणकांपुढे सगळी तरुण मुलं, कंत्राटावरची. त्यांच्यापैकी एकानं काचेपलीकडून सांगितलं, "काका, बाहेर बसा जरा."

बाबा बाहेरच्या बाकावर बसले. त्यांच्या गुडघ्यांवर फाइल होती आणि तिच्यावर दोन्ही हात. मुलगी कुठूनतरी पाण्याची बाटली भरून घेऊन आली. त्यांनी दोन घोट घेतले.

मग तीच म्हणाली, "बाबूजी, मी जाऊ का खिडकीवर?"

त्यांनी फाइल तिच्या हातात दिली.

खिडकीवरचा मुलगा तिशीच्या आतला होता. त्यानं वर न पाहताच सांगितलं, "ऑनलाइन तक्रार टाका."

"टाकली. तीनदा. नंबर संदर्भात लिहिले आहेत."

"कॉलेजचं पत्र लागेल."

"जोडपत्र दोन."

"हॉलतिकीट?"

"जोडपत्र एक."

"गैरहजर दाखवतंय. हजर होता याचा पुरावा काय?"

"जोडपत्र तीन, सेलू केंद्राचं पत्र. जोडपत्र चार, माझ्या सहीचा कागद. माझं केंद्र वर्ध्याचं, पण त्या दिवशी सेलूच्या केंद्रावर बसली होती. रस्ता बंद होता."

आता त्यानं वर पाहिलं. अर्ज हातात घेतला आणि वाचायला लागला. पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेला, पुन्हा पहिल्यावर आला.

"हे कोणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

मुलीनं बाकाकडे बोट दाखवलं.

तो उठला. आतून फिरून बाहेर आला आणि बाबांसमोर उभा राहिला. "काका, तुम्ही कुठे होते नोकरीला?"

"पुलगावले. कॉलेजात."

"आमच्याकडे एक कपाट आहे," तो म्हणाला. "त्यात गुणांच्या काही याद्या पडल्या आहेत. त्यावरचे रोल नंबर त्या त्या केंद्राच्या नंबरात बसत नाहीत. सिस्टिम घेत नाही. म्हणून बाजूला ठेवल्या. त्याच असतील का या?"

बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. त्यांनी त्याला समजावून सांगितलं, दुसऱ्या केंद्रावर बसलेल्या मुलांचे गुण असेच वेगळ्या यादीवर येतात, त्यांच्यासोबत केंद्राचं पत्र असावं लागतं, पत्र नसेल तर केंद्राला विचारायचं. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्याला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. काम हाती घेतलं तेव्हा त्याला संगणकाचा पासवर्ड मिळाला होता आणि कपाटाची किल्ली.

"आत येऊन दाखवता का?" त्यानं विचारलं, आणि लगेच म्हणाला, "नाही, तसं चालणार नाही. गोपनीय विभाग आहे."

"नाईच चालत," बाबा म्हणाले. त्यांना ते फार आवडलेलं दिसलं. "मले आत घेऊ नको. कोणालेच घेऊ नको. तू आत पाह्य, मी इथून सांगतो."

मग तासभर ते खिडकीशी उभे राहिले. त्यांना खुर्ची दिली तर ती घेतली नाही. तो आतून एकेक यादी पाहायचा आणि प्रश्न विचारायचा, हे इकडून उत्तर द्यायचे. रोल नंबर कोणाचा ते त्यानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. त्यांच्या विभागाच्या अधीक्षक बाई मध्येच येऊन उभ्या राहिल्या, काय चाललं आहे ते त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या एका मुलीला त्याच्या मदतीला बसवून गेल्या.

सेलूची यादी सापडली. एकच ओळ होती तीत, एकाच मुलीची.

"मिळाली," आतून आवाज आला. आमच्या मुलीनं माझा दंड धरला होता, तो तिनं सोडला. तिची बोटं माझ्या हातावर उमटली होती.

"पास आहे ना?" बाबांनी विचारलं.

"पास आहे. काठावर."

बाबा तिच्याकडे वळले. "बाप जंगलात वाघ दाखवते, अन् तू पर्यावरणात काठावर?"

"पळत गेलती बाबूजी मी," ती म्हणाली. "अर्धा पेपर हाफण्यातच गेला." आणि त्या दिवसात पहिल्यांदा ती हसली. खिडकीतला मुलगाही हसला.

मला वाटलं, आता निघू. बाबा निघेनात. कपाटात आणखी सात याद्या निघाल्या होत्या, म्हणजे निदान आणखी सात जणं कुठेतरी गैरहजर म्हणून बसलेली. त्यांच्या केंद्रांना पत्रं पाठवतो, असं त्या मुलानं कबूल केलं. "कबूल नको करू, लिहून ठेव," बाबा म्हणाले, आणि पत्राचा मसुदा त्यांनी तिथल्या तिथे, खिडकीच्या कठड्यावर कागद टेकवून त्याला लिहून दिला. त्यानं तो मोबाईलवर टिपून घेतला आणि मूळ कागदही घडी करून खिशात ठेवला.

सेलूची एसटी पकडायला मुलीला तिथूनच बर्डीच्या बसमध्ये बसवून दिलं. गाडीत बाबा खिडकीपाशी बसले. बुटीबोरी गेलं, सिंदी गेलं.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं. "ओळखीचं कोणी भेटलं नाही म्हणून?"

"थोडं वाटलं," ते म्हणाले. "पण ते बरं झालं. ओळखीनं झालं असतं तर पोट्टीले वाटलं असतं, ओळखच लागते." आणि मग, वर्धा जवळ आल्यावर, ते एकदम म्हणाले, "वीस वर्षं बोललो त्याच्याशी. फोनवर, खिडकीतून, पत्रातून. त्याचं अक्षर मी झोपेतही ओळखीन. पण त्याचं घर कुठे, पोरं किती, काई माहीत नाई मले. वारला तर मले कोण कळवीन?"

तिच्या दहा दिवसांतल्या पाचव्या दिवशी मुलीचा निकाल जाहीर झाला. आठव्या दिवशी दुरुस्त गुणपत्रिका कॉलेजात आली आणि नवव्या दिवशी तिनं ती बी.एड.च्या कॉलेजात दाखवली. आता ती वर्ध्याला राहून शिकते. तिच्या आईवडिलांनी एका रविवारी नाचणगावला येऊन आईबाबांना हिंगणीला जेवायला बोलावलं. बाबांना जिप्सीतून जंगल दाखवलं. वाघ दिसला नाही. बाबा म्हणाले, असू दे, तो गैरहजर नसंन, दुसऱ्या गठ्ठ्यात असंन.

त्या सात याद्यांचं काय झालं ते खिडकीतल्या मुलानं स्वतः फोन करून कळवलं. पाच जणांचे निकाल लागले, दोन केंद्रांकडून उत्तर यायचं होतं. तो अधूनमधून फोन करतो. त्याला काही अडलं की बाबांना विचारतो, नाव-नंबर न सांगता, नुसतं प्रकरण सांगून. बाबा मोबाईल कानाला लावून अंगणात फेऱ्या मारत उत्तर देतात. आई म्हणते, डब्यांवरची नावं आता पुसट झाली तरी यांना दिसत नाहीत.

त्याच मुलाकडून बाबांनी परीक्षा विभागातल्या त्यांच्या त्या वारलेल्या माणसाच्या घराचा पत्ता मिळवला. मला म्हणाले, "एक दिवस जाऊन येऊ." दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही गेलो. नागपुरातल्या एका जुन्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर होतं. दारात तुळस, आत पलंगावर त्यांच्या पत्नी बसलेल्या. त्यांना पायांचा त्रास होता, उठवत नव्हतं. बाबांनी नमस्कार केला, स्वतःचं नाव सांगितलं. त्यांना काही लक्षात येईना. नातेवाइकांपैकी कोणी असावं असं वाटून त्या मान हलवत राहिल्या.

"आम्ही बरोबर काम केलं," बाबा म्हणाले. "म्हणजे एका ऑफिसात नाई. मी पुलगावच्या कॉलेजात होतो."

त्या बाईंनी नीट पाहिलं. "तुम्ही पुलगाव का?"

बाबांनी मान डोलावली.

"रोज घरी यायचे अन् सांगायचे," त्या म्हणाल्या. "आज आर्वीनं असं केलं, हिंगणघाटनं यादीच पाठवली नाई, भांडून भांडून डोकं दुखलं. अन् मग म्हणायचे, पुलगावचं मात्र काई पाहावं लागत नाई. पुलगावचा गठ्ठा आला की चहा सांगतो मी. मले वाटायचं, पुलगाव म्हणजे कोणी मोठा अधिकारी आहे." त्यांनी सुनेला हाक मारली. "पुलगाव आले, चहा टाक."

आम्ही दोन तास बसलो. त्या सांगत होत्या आणि बाबा ऐकत होते. शेवटचं आजारपण, दवाखान्यातले दिवस, नातवाचं शिक्षण. नातू यंदा पहिल्या वर्षाला होता आणि त्याचा परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला होता. बाबांनी चष्मा पुसला आणि त्याला जवळ बसवून घेतलं.